कसेल त्याची जमीन, पण कोणी कसलेली?

थॉमस पेन, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया वसाहत वसवणाऱ्या विल्यम पेनचा मुलगा, या माणसाचा मला मनापासून राग येतो. अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा राग काय धरायचा असं बायको म्हणते, पण ज्या पट्ट्यात आज माझं घर आहे तो त्याने कसा मिळवला हे एकदा कळल्यावर मला ते नुसता इतिहास म्हणून वाचताच येईना. मी राहतो पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्वेला, ईस्टनजवळ, लीहाय आणि डेलावेअर या दोन नद्यांचा संगम होतो तिथून गाडीने थोडंच अंतर. इथे घर घेताना टायटल सर्च करतात, म्हणजे जागेवर आधी कोणाचा हक्क, कोणाचा बोजा, कर्ज वगैरे सगळं बघतात, आणि तो रिपोर्ट काही दशकं मागे जाऊन थांबतो. मी वाचत वाचत त्याच्याही मागे गेलो आणि १७३७ ला येऊन अडकलो, तो अजून तिथेच आहे म्हणा ना.

१६८१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने विल्यम पेनला ही अख्खी वसाहत सनद म्हणून दिली. पेनच्या वडिलांचे १६,००० पौंड राजाकडे येणं होते, ते रोख द्यायच्या ऐवजी जमीन दिली, आणि ती जमीन राजाने कधी डोळ्यांनी बघितलेली पण नव्हती. तरी विल्यम पेनबद्दल एक सांगायला पाहिजे, सनद खिशात असतानाही तो इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांना पैसे आणि माल देऊन, बोलणी करून मगच जमीन घ्यायचा, आणि लेनापे म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव चांगल्या अर्थाने घेत राहिली. तो १७१८ मध्ये गेला तेव्हा घराण्यावर भरपूर कर्ज होतं. मुलांना ते फेडायचं होतं, आणि फेडायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, जमीन. लेनापेंकडून अजून घेतलेलीच नाही अशी जमीन थॉमस आणि त्याच्या भावांनी विकायला सुरुवात केलेली होती, मोठमोठ्या व्यापाऱ्यांना हजारो एकरांनी, आणि वसाहतीचा कारभार बघणारा जेम्स लोगन, त्याचा स्वतःचा पैसा डरहॅमच्या लोखंडाच्या भट्टीत अडकलेला. म्हणजे विकून झालंय, गिऱ्हाईक वाट बघतंय, आणि मूळ मालक अजून तिथे मका लावून बसलाय.

मग निघाला १६८६ चा कागद. मूळ कागद नाहीच, एक नक्कल, तीही अर्धवट, जागा कोऱ्या सोडलेल्या, सह्या नाहीत. त्यात म्हणे लेनापेंनी विल्यम पेनला कबूल केलं होतं की अमुक ठिकाणापासून एक माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन तुमची. न्यूटिमस नावाचा लेनापे प्रमुख सांगत राहिला की अहो ज्यांची नावं तुम्ही सांगताय त्यांना आमच्या बाजूची जमीन विकायचा अधिकारच नव्हता. पण १७३५ मध्येच पेनच्या लोकांनी गुपचूप एकदा चालून बघितलेलं होतं की दीड दिवसात किती होतं. आणि लेनापेंना जो नकाशा दाखवला तो असा काढलेला होता की बघणाऱ्याला वाटावं हे टोहिकन ओढ्यापर्यंतचंच चाललंय, लीहायच्या पलीकडे काही जात नाही. शेवटी १७३७ च्या ऑगस्टमध्ये न्यूटिमस, लॅपोविन्सो आणि अजून दोन प्रमुखांनी मान्यता दिली. त्यांच्या डोक्यात चालणं म्हणजे चालणं, नदीच्या कडेकडेने, मध्ये बसायचं, खायचं, चिलीम ओढायची, परत उठायचं.

१९ सप्टेंबर १७३७ ला राइट्सटाउनहून पहाटे जे निघाले ते तीन निवडून घेतलेले तरणेबांड गडी होते, एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज. जो सगळ्यात लांब जाईल त्याला ५ पौंड आणि ५०० एकर असं कबूल केलेलं. आधीच जंगलातून वाट साफ करून ठेवली होती, सोबत घोड्यांवर खाणंपिणं. बरोबर गेलेले लेनापे ओरडत होते की तुम्ही पळताय, हे चालणं नव्हे, आणि वैतागून ते परत फिरले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला, येट्स दुसऱ्या दिवशी पडला, मार्शल एकटा दुपारपर्यंत रेटत राहिला आणि आज जिम थॉर्प नावाचं गाव आहे त्याच्या जवळपास पोहोचला, साठ-पासष्ट मैल तरी. पण खरी लबाडी मला विचाराल तर पायांत नाही, रेघेत आहे. मार्शल थांबला तिथून डेलावेअर नदीकडे सरळ पूर्वेला, जवळच्या जवळ रेघ मारायला पाहिजे होती असं कोणीही म्हणेल. सर्व्हेअर जनरल बेंजामिन ईस्टबर्न याने ती काटकोनात मारली, ईशान्येला, म्हणजे ती नदीला मिळेपर्यंत पार लॅकावॅक्सनच्या तोंडापाशी गेली. असं करून साधारण १,२०० चौरस मैल आले, साडेसात लाख एकरांच्या आसपास. मार्शलने घाम गाळला दीड दिवस, पण पेनना खरी कमाई करून दिली ती त्या पट्टी ठेवून मारलेल्या रेघेने.

इथे थोडं विषयांतर करतो. त्या काळात अमेरिकेत जमीन मोजायला जी साखळी वापरायचे ती गंटरची साखळी, ६६ फुटांची, १६२० च्या सुमाराची इंग्लंडमधली युक्ती. आपल्याकडे मुंबई इलाख्याची मोजणी झाली ती बरोबर तिच्या निम्म्या, ३३ फुटांच्या साखळीने, जिचे सोळा आणे धरायचे. त्या ३३ फुटांचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. सातबाऱ्यावर आपण आजपण जो आकडा बघतो तो आणि इथल्या जुन्या दस्तावरचा आकडा एकाच घरातले आहेत. हे कळलं तेव्हापासून ही लांबच्या लोकांची गोष्ट आहे असं मला वाटेनासं झालं.

लेनापे हटायला तयार नव्हते. मग पेनच्या माणसांनी अजून एक केलं, जे मला चालण्यापेक्षाही वाईट वाटतं. उत्तरेकडच्या इरोक्वॉय संघाला, जे लेनापेंवर वरचष्मा सांगायचे, त्यांना हाताशी धरलं. १७४२ मध्ये फिलाडेल्फियात सगळ्यांसमोर त्यांचा वक्ता कानासाटेगो लेनापेंना म्हणाला की आम्ही तुम्हाला जिंकलंय, तुम्हाला जमीन विकायचा अधिकारच नाही, उठा आणि वायोमिंगला नाहीतर शमोकिनला जा. विचार करा, तुम्ही तुमच्या जमिनीबद्दल बोलायला गेलाय आणि तिसराच कोणीतरी, ज्याचं त्या जमिनीशी काही नाही, तुम्हाला सगळ्यांदेखत उठवतोय, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो बाजूला बसून मान डोलावतोय.

हे वायोमिंग म्हणजे पश्चिमेचं राज्य नव्हे हं, त्याला नाव नंतर इथूनच गेलं. हे सस्क्वेहॅना नदीचं खोरं, आत्ताच्या विल्क्सबॅरी शहराचं, माझ्या घरापासून उत्तरेला सव्वा-दीड तासावर. मी गेलोय तिथे बऱ्याचदा, नदीच्या दोन्ही बाजूला सपाट, काळी, गाळाची जमीन, नंतर कोळशासाठी पोखरलेली, पण त्याच्या आधी जिने कोणालाही वेड लावावं अशी. लेनापेंच्यात शेती बायकांच्या हातात, मका, घेवडा, भोपळा एकाच वाफ्यात, आणि वापराचा हक्क कुटुंबाला, कुळाला, आईच्या बाजूने. गोऱ्यांचे कागद बघितले की त्यांत ही शेतं दिसतच नाहीत, जंगल दिसतं, शिकार दिसते. शेत दिसतं ते फक्त ते जाळायचा हुकूम असतो तेव्हा.

लेनापेंचा प्रमुख टीडियस्कंग हा या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस. दारू प्यायचा, मोठ्याने बोलायचा, स्वतःला राजा म्हणवून घ्यायचा, ते सगळं कबूल. पण १७५६ मध्ये ईस्टनला, इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटलेलं आणि लेनापे वसाहतीवर उठलेले असताना, गव्हर्नरने विचारलं की तुम्ही का उठलात, तेव्हा त्याने पाय आपटून सांगितलं की ही माझ्या पायाखालची जमीनसुद्धा माझी होती, फसवून घेतलीय. पुढच्या वर्षी तर त्याने मागितलं की माझ्या बाजूने लिहिणारा माझा वेगळा कारकून पाहिजे, आणि मिळवलाही, चार्ल्स थॉमसन नावाचा शाळामास्तर, जो पुढे अमेरिकन काँग्रेसचा सेक्रेटरी झाला. मला हे फार मोठं वाटतं. ज्याला स्वतःला लिहिता येत नाही त्याने ओळखलं होतं की आपण काय बोललो याची नोंद समोरच्याच्या वहीत राहिली तर आपण गेलो. वायोमिंगचं खोरं आमच्या नावावर कायमचं लिहून द्या ही त्याची मागणी होती. पेन्सिल्व्हेनियाने तिथे त्याच्या लोकांना लाकडी घरं बांधून दिली, लिहून मात्र दिलं नाही. १७६२ मध्ये दबावाखाली त्याला फसवणुकीचा आरोप मागे घ्यावा लागला. १९ एप्रिल १७६३ च्या रात्री तो झोपेत असताना त्याच्या घराला आग लागली, तो जळून गेला आणि सगळं गाव बेचिराख झालं. आग कोणी लावली ते कधीच सिद्ध झालं नाही. पण काही आठवड्यांतच कनेटिकटचे वसाहतवाले नांगर आणि गुरं घेऊन त्या खोऱ्यात हजर झाले होते.

आता हे कनेटिकटवाले कुठून आले? त्यांच्याकडेपण राजाचीच सनद, त्याच दुसऱ्या चार्ल्सची, १६६२ ची, म्हणजे पेनच्या आधी १९ वर्षं, आणि तीत लिहिलेलं की तुमची वसाहत पश्चिमेला थेट पॅसिफिक समुद्रापर्यंत. एकाच राजाने एकच तुकडा दोघांना दिला. कनेटिकट भरून गेलं होतं, जमीन खडकाळ, घरात पाच-सहा मुलगे आणि वाटणीला काही उरेना, तर १७५३ मध्ये विंडहॅम गावी लोकांनी सस्क्वेहॅना कंपनी काढली, शेअर विकले. १७५४ च्या उन्हाळ्यात ऑल्बनीला इरोक्वॉय जमले होते तिथे पेनच्या माणसांनीही खरेदी केली आणि कंपनीचा एजंट जॉन लिडियस यानेही एकेकाला गाठून, दारू पाजून, सह्या घेतल्या. १७६८ ला फोर्ट स्टॅनविक्सला पेननी परत एकदा खरेदी केली. प्रत्येक वेळी विकणारे इरोक्वॉय, आणि राहणाऱ्यांना कोणी विचारलेलं नाही.

१७६३ च्या ऑक्टोबरमध्ये टीडियस्कंगच्या मुलाने, कॅप्टन बुलने, त्या पहिल्या वसाहतीवर हल्ला करून ती संपवली. पण १७६९ मध्ये कंपनीची चाळीस माणसं परत आली, फोर्टी फोर्ट हे गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं, आणि मग सुरू झाली गोऱ्यांची गोऱ्यांशी मारामारी, पेनामाइट विरुद्ध यँकी. पेनच्या बाजूने एमोस ऑग्डेन, कनेटिकटच्या बाजूने झेब्युलन बटलर. ऑग्डेन आणि त्याच्या जोडीदारांना पेननी सात वर्षांच्या कराराने शंभर शंभर एकर दिले होते, अट एवढीच की यँकींना घुसू द्यायचं नाही. म्हणजे पेनची जमीन राखायला कुळं बसवायची, आणि मरायचं ते कुळांनी. १७६९ ते १७७१ या काळात खोरं इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की वाचताना कोण गढीत आणि कोण बाहेर हेच विसरायला होतं. उभी पिकं कापून न्यायची, गुरं हाकून न्यायची, बायकापोरांना थंडीत जंगलाच्या वाटेला लावायचं, हेच दोन्ही बाजूंनी. यँकींना येऊन मिळालेल्यांत लाझारस स्टुअर्ट होता, पॅक्सटन बॉइजपैकी, ज्यांनी १७६३ च्या डिसेंबरमध्ये कॉनेस्टोगाच्या वीस निःशस्त्र इंडियन लोकांना, पोराबाळांसकट, कापून काढलं होतं. त्याला कंपनीने गावठाण देऊन बसवलं. ज्याच्यावर खटला चालायला पाहिजे होता तो जमीनमालक झाला. हे लिहिताना पण हात जड होतो.

मधली वर्षं पटकन सांगतो. अमेरिकन क्रांती सुरू झाली, ३ जुलै १७७८ ला ब्रिटिशांच्या बाजूचे लोक आणि इरोक्वॉयांपैकी सेनेका योद्धे यांनी खोऱ्यात यँकींचा धुव्वा उडवला, तीनशेच्या आसपास माणसं मेली, स्टुअर्टही त्यातच गेला. युद्ध संपता संपता ३० डिसेंबर १७८२ ला ट्रेंटनला पाच जणांच्या कोर्टाने एकमताने निकाल दिला की खोरं पेन्सिल्व्हेनियाचं. कारणं दिली नाहीत. दोन राज्यांमधल्या भांडणाचा त्या काळच्या घटनेखाली शेवटपर्यंत जाऊन निकाल लागलेला हा एकच खटला. पण राज्य कोणाचं हे ठरलं, शेत कोणाचं हे नाही. १७८४ च्या मार्चमध्ये नदीचा बर्फ फुटून महापूर आला, कुंपणं, खुणा, घरं वाहून गेली, आणि त्याच मे महिन्यात पेन्सिल्व्हेनियाच्या शिपायांनी यँकी कुटुंबांना, सुमारे पाचशे माणसं, बंदुकीच्या टोकावर साठ मैल जंगलातून डेलावेअरकडे हाकललं. त्यात म्हाताऱ्या होत्या, तान्ही मुलं होती. त्यांच्याबद्दल माझ्या पोटात तुटतं, खरंच. त्यांनी झाडं तोडून, बुंधे उपटून ती जमीन केलेली होती. पण तीच वाट, त्याच खोऱ्यातून, वीस वर्षांपूर्वी लेनापेंनी तुडवलेली होती, हे त्यांच्यातल्या कोणाच्या लिखाणात मला कुठे सापडत नाही.

लोक परत आले, हटले नाहीत. १७८८ मध्ये तर त्यांनी सरकारचा माणूस टिमथी पिकरिंग यालाच घरातून उचलला आणि तीनेक आठवडे जंगलात डांबून ठेवला, आणि जाताना तोंडाला रंग फासून इंडियन लोकांसारखं सोंग घेतलं होतं. ज्यांना घालवलं त्यांचाच वेष घेऊन आपल्या हक्कासाठी लढायचं, मला यावर काय बोलावं कळत नाही.

आणि शेवटी १७९९ मध्ये सरकारने तडजोडीचा कायदा केला. ट्रेंटनच्या निकालाआधीपासून जे यँकी सतरा गावांमध्ये वसलेले होते त्यांची जमीन त्यांनाच द्यायची, कमिशनर येऊन प्रत लावणार, पहिल्या प्रतीला एकरी दोन डॉलर, दुसरीला एक डॉलर वीस सेंट, तिसरीला पन्नास सेंट, चौथीला आठ सेंटच्या थोडं वर. पेन्सिल्व्हेनियाकडून घेतलेल्या मालकांना राज्य भरपाई देणार. म्हणजे तीस वर्षांच्या रक्तानंतर मान्य केलेलं तत्त्व कोणतं, तर जो राबला, ज्याने ती कसली, त्याला तिथून काढता येणार नाही, कागद कोणाचाही असो.

इथे माझा गळा दाटून येतो त्याला कारण आहे. आमचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवशी कायद्याने कूळ मालक झालं, कूळकायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, आणि ३२म चं सर्टिफिकेट आजीने ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलं होतं. त्या कागदावर माझ्या वडिलांचं शिक्षण झालं, त्यावर माझं, आणि त्यावर मी इथे येऊन पोहोचलो. कसेल त्याची जमीन ही आमच्या घरात घोषणा नव्हती, तो आमचा अन्नदाता होता. म्हणून यँकी शेतकऱ्याला १७९९ मध्ये मिळालं ते मला योग्यच वाटतं, मनापासून वाटतं. पण मग हाच मुद्दा लेनापे बाईचा का नव्हता? तिनेपण त्याच काळ्या गाळात मका लावलेला होता, तिच्या आईने लावलेला होता. तिच्यासाठी कोणी कमिशनर आला नाही, कोणी पहिली प्रत दुसरी प्रत लावली नाही. यँकी आणि पेनामाइट एकमेकांना मारत होते तरी दोघे एकाच कचेरीत जाऊ शकत होते, एकाच भाषेत अर्ज लिहू शकत होते, त्यांच्या बाजूचे लोक असेंब्लीत निवडून येत होते, कायदा बदलून घेऊ शकत होते. कसण्याला किंमत आहेच, पण कोणाचं कसणं मोजायचं हे ज्याच्या हातात होतं त्याने लेनापेंचं कसणं मोजलंच नाही. माझ्या आजोबांचं मोजलं गेलं, कारण कायदा करणाऱ्यांना आमच्यासारख्यांच्या मतांची गरज होती. एवढा सरळ तो फरक आहे, आणि तो मला झोपू देत नाही.

लेनापे संपले असं इथे पुष्कळांना वाटतं, तसं नाहीये. ओहायो, इंडियाना, मिसूरी, कॅन्सस करत करत ढकलले गेले, आज ओक्लाहोमात आहेत, विस्कॉन्सिनमध्ये आहेत, कॅनडात ओंटारिओत आहेत. पेन्सिल्व्हेनियात मात्र सरकारमान्य अशी एकही जमात नाही. २००४ मध्ये ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशनने (इंग्रज लेनापेंना डेलावेअर म्हणायचे) इथे कोर्टात दावा लावला, सगळे साडेसात लाख एकर नाही मागितले, फक्त ३१५ एकर, ईस्टनच्या उत्तरेला, जिथे आता घरं आहेत आणि रंगीत खडूंचा कारखाना आहे. ही ३१५ एकर जमीन कोणाची होती माहितीये? मोझेस टाटामीची. हा लेनापे दुभाषा, ख्रिश्चन झालेला, इंग्रजांसारखी शेती करणारा, आणि १७३७ नंतर जेव्हा बाकीच्यांना उठवलं तेव्हा त्याने पेनच्याच कचेरीतून रीतसर पट्टा करून घेतला होता. जे जे सांगितलं ते ते सगळं त्याने केलं, धर्म, भाषा, नांगर, कागद. तरी ती जमीन पुढे गोऱ्यांच्या हातात गेलीच.

कोर्टाने काय म्हटलं ते मी अनेकदा वाचलंय. फसवणूक झाली हे आपण क्षणभर धरून चालू, असं म्हणून ते पुढे म्हणतात की तरीसुद्धा, त्या वेळच्या सत्ताधाऱ्याने मूळ रहिवाशांचा हक्क संपवला म्हणजे तो संपला, कसा संपवला यात कोर्ट शिरणार नाही, आणि थॉमस पेन हा त्या वेळचा सत्ताधारी होता. २००६ मध्ये वरच्या कोर्टाने हेच कायम केलं, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला. टाटामीच्या नावाच्या पट्ट्यावरूनही त्यांच्या हाती काही लागलं नाही. ज्याने फसवलं, त्यानेच फसवलं म्हणून ते कायदेशीर, असा त्याचा अर्थ मला लागतो, आणि कितीही शांतपणे वाचलं तरी दुसरा लागत नाही.